शपथेबाहेरचं मत

नुमेआ, १८ ऑगस्ट २०१३

सावेलिना ताई,

हे पत्र आपल्या गावच्या पाइनोच्या हाती देतोय. तो पुढच्या विमानाने आपल्या बेटावर, उवेआला येतोय. फोन केला असता, पण तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे अर्ध्या गावाला ओसरीवर बोलावण्यासारखं आहे, आणि ही गोष्ट इतक्यात कुणाला कळायला नको.

तेलेसिया निवडणुकीला उभी राहतेय. पुढच्या मे महिन्यात, इथल्या प्रांताच्या सभेसाठी. यादीत तिचं नाव सहावं आहे. यादी जाहीर होईपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही अशी मी घरात सक्त ताकीद दिली आहे, कारण आपली माणसं चांगल्या बातमीला सर्वांत आधी दृष्ट लावतात.

आता खरी गोष्ट. पोरगी उभी राहणार आणि बापाला मत नाही. तुला हे नवं नाही, पण मला आता रोज रात्री नव्याने झोंबतं. तेवीस वर्षं निकेलच्या भट्टीवर घाम गाळला. फ्रान्सचा नागरिक आहे, पासपोर्ट आहे, सैन्यात दोन वर्षं काढली आहेत. पण प्रांताच्या निवडणुकीत मत द्यायचं तर अठ्ठ्याण्णव सालच्या यादीत नाव पाहिजे, आणि ती यादी तेव्हाच गोठवून टाकली. इथल्या मूळच्या लोकांनी, कनकांनी भांडून गोठवून घेतली. बाहेरून येणाऱ्यांच्या गर्दीत आपण आपल्याच जमिनीवर बुडून जाऊ, ही त्यांची भीती. भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही, मी त्यांच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं. फक्त मी त्यांच्या जागी नाही, हीच अडचण आहे.

आमच्या घरात तीन माणसं आणि एक कुत्रा. फालाकिकाचा जन्म इथला, म्हणून तिला मत. तेलेसियाला आईमुळे मत. मतदानाच्या दिवशी मी आणि कुत्रा व्हरांड्यात बसतो.

अठ्ठ्याण्णव साली तिकडच्या यादीतून माझं नाव काढायचा अर्ज मी तुझ्याकडे पाठवला होता, आठवतंय? तिकडून निघाल्याशिवाय इथे घेत नव्हते. तू तो माता-उतुच्या कचेरीत दिलास आणि कचेरीने तो गिळला. तेव्हापासून माझं नाव तिकडेच आहे, आणि दर निवडणुकीला मी इथल्या पोलिसांसमोर सही करून माझं मत तुझ्या हाती सोपवतो. तू ते कुसितिनो काकांच्या पारड्यात टाकतेस. आधी काका उभे राहायचे, आता त्यांचा जावई.

जानेवारीत मतदार यादीच्या समितीपुढे माझी सुनावणी आहे. मी १९९० साली गाव सोडलं आणि नुमेआत राहायला गेलो, असा गावप्रमुखाचा कागद दाखवला तर काही जमेल म्हणतात. आणि गावप्रमुख कोण, तर आपले काका! ताई, तू त्यांच्याकडे जा. तुझा शब्द ते मोडत नाहीत.

तुझा विसेसिओ


उवेआ, ९ सप्टेंबर २०१३

विसेसिओ,

पाइनोने पत्र दिलं आणि समोर बसून राहिला, वाचून दाखवीन म्हणून. त्याला दोन केळी देऊन घालवला.

तेलेसियाचं वाचून मी रडले. मग हसले. ती चार वर्षांची असताना माझ्या विणायच्या पानांवर बसून हुकूम सोडायची, तेव्हाच मी म्हटलं होतं की ही कुणाच्या तरी डोक्यावर बसणार.

काकांकडे गेले. ते डुकरांना नारळ फोडून घालत होते. तुझं नाव काढलं तर हातातला नारळ खाली ठेवलाच नाही, तसाच उगारून बोलले.

"कागद पाहिजे त्याला? चार वर्षांपूर्वी मला गावप्रमुख केलं, तेव्हा मानाचं काव्हाचं मूळ घेऊन आला का तो? फोन केला! फोनवरून काव्हा पितात का गं?"

मी म्हटलं, "त्याला भट्टीवर रजा नव्हती, काका."

"मग आता मलाही रजा नाही. सांग त्याला."

तर आता रीतीप्रमाणे माफी मागावी लागेल. दोन डुकरं, त्यातलं एक सुळेवालं. काव्हाचं मूळ चांगलं कमरेएवढं. चटया मी विणीन, त्याची काळजी करू नकोस. तू येऊ शकत नाहीस हे मी त्यांच्या गळी उतरवलंय, तुझ्या वतीने मी जाऊन बसेन. तुझ्या वतीने गोष्टी करायची मला सवय आहे.

कचेरीचं जाऊ दे. पंधरा वर्षांपूर्वीचा कागद, ती कचेरी, तिथली माणसं, कोण कुठे गेलं काय ठाऊक. जुनं उकरून हाताला मातीच लागते.

गुडघ्याला तेल लाव. पाइनोबरोबर बाटली पाठवतेय.

सावेलिना


नुमेआ, ६ ऑक्टोबर २०१३

ताई,

डुकरं ठरली. मोठं पाइनोकडून घे, दुसरं त्याच्या मेहुण्याकडून, मी दोघांशी बोललोय. काव्हाचं मूळ फुतुना बेटावरून येतंय.

फालाकिका म्हणते, "मत द्यायला ओळखपत्र लागतं हे ऐकलं होतं. सुळेवालं डुकर लागतं हे पहिल्यांदाच ऐकतेय." मी म्हटलं, तू इथे जन्मलीस, तुला काय कळणार, तुझं सगळं फुकटात झालं.

एक गोष्ट मात्र नीट सांग काकांना. कागद छोटा लिहायचा. विसेसिओ, १९९० साली गेला, नुमेआत राहतो. तीन ओळी, शिक्का, सही. समितीतली माणसं घाईत असतात. काकांना एकदा लेखणी हातात मिळाली की काय होतं, ते बाबांच्या अंत्यविधीला आपण पाहिलंय.

विसेसिओ


उवेआ, २४ नोव्हेंबर २०१३

माझ्या भावा,

झालं! आणि असं झालं की गावात अजून बोलतायत.

सकाळी प्रार्थनेनंतर डुकरं अंगणात मांडली, त्यांच्यावर माझ्या चटया. सगळ्यांत मोठी चटई मी डोक्यावरून घेतली आणि खाली मान घालून काकांसमोर बसले. रीत अशी की थोरल्याने उठवेपर्यंत उठायचं नाही. ऊन चढलं, माशा आल्या, डुकरं फुगायला लागली, काका बसलेलेच. माझ्या मनात आलं, हा म्हातारा मला संध्याकाळपर्यंत शिजवणार. मग पाहते तर म्हातारा रडतोय. उठला, चटई माझ्या डोक्यावरून काढली आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "माझ्या भावाच्या मुलाने गाव टाकलं असं मी म्हणत होतो. चुकलो. ज्याची बहीण उन्हात बसते त्याने गाव टाकलेलं नसतं."

त्यानंतर मूळ कुटून, पाण्यात कालवून काव्हा झाला. मानाप्रमाणे पेले पुकारताना तुझं नाव तिसरं घेतलं. तिसरं! जावयाचं पाचवं होतं, त्याचं तोंड बघायला हवं होतंस. तुझा पेला पाइनोने प्यायला आणि तुझ्या वाट्याची मागची तंगडी माझ्या घरी आली.

कागद काकांनी स्वतः लिहिला. दोन दिवस बसले होते. तीन ओळींचं मी काही बोलले नाही. गावप्रमुखाला मजकूर सांगणं माझ्याच्याने व्हायचं नाही, आणि त्यांचं मन इतकं भरून आलं होतं की मधे बोलणं पाप झालं असतं. शिक्काही दोनदा मारलाय. पाकीट बंद करून माझ्या हाती दिलं आणि म्हणाले, "याच्यापुढे पॅरिससुद्धा काही बोलू शकणार नाही."

जप. तेलेसियाला माझे मुके.

सावेलिना


नुमेआ, १९ जानेवारी २०१४

ताई,

पॅरिसपर्यंत जायची गरजच पडली नाही.

काकांचं पाकीट बंद होतं, मीही मानाने बंदच ठेवलं आणि समितीपुढे नेऊन उघडलं. माझीच अक्कल! समितीत एक चष्मेवाली बाई, एक कनक गृहस्थ आणि एक कारकून. कारकुनाने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पहिल्या ओळीला माझी छाती फुगली. दुसऱ्या ओळीला फालाकिकाने माझ्या बरगडीत कोपर मारलं. तुझ्यासाठी उतरवून देतो:

"मी, कुसितिनो, या गावचा प्रमुख, देवाला आणि उवेआच्या राजाला साक्ष ठेवून सांगतो की विसेसिओ हा आमचा आहे. त्याची नाळ या मातीत पुरली आहे. त्याने हे गाव कधीही सोडलेलं नाही, १९९० साली नाही, त्यानंतरही नाही. प्रत्येक सणाला त्याच्या नावाचा पेला पुकारला जातो आणि त्याच्या वाट्याचं मांस काढलं जातं. विसेसिओ दुसरीकडे राहतो असं जो म्हणेल तो खोटं बोलतो."

चष्मेवाली बाई म्हणाली, "साहेब, हा कागद तुम्ही आणलाय की तुमच्या विरोधकाने?"

मी समजवायला गेलो. म्हटलं, बाई, आमच्यात गाव सोडणं म्हणजे मेल्यासारखं असतं, काकांनी मला जिवंत असल्याचं प्रमाणपत्र दिलंय. ती म्हणाली, "मला कळतं. पण मला हेही दिसतं की तुम्ही तिकडच्या यादीत आहात आणि दर वेळी तिकडे मत टाकता. म्हणजे तुमचे काकाही तेच म्हणतात आणि आमचं दप्तरही तेच म्हणतं."

कनक गृहस्थाने कागद हातात घेऊन पुन्हा वाचला. शेवटी तो म्हणाला, "कागद सुंदर आहे. माझ्या काकांनी माझ्यासाठी असा लिहिला तर मी चौकटीत लावीन." मस्करी करत नव्हता गं. तेच जास्त लागलं.

म्हणजे दोन डुकरं गेली, चटया गेल्या, आणि पदरात काय पडलं, तर मी इथे राहतच नाही याचा दोन शिक्क्यांचा पुरावा! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

एक दार उघडं आहे. बाई निघताना म्हणाली, चूक तुमची असेल तर ती तुमचीच. पण चूक कचेरीची असेल तर आम्ही सुधारू शकतो. अठ्ठ्याण्णव सालचा अर्ज तिकडच्या कचेरीत दिल्याची शिक्क्याची पावती असेल तर मार्चअखेर आणून द्या. ताई, तू अर्ज दिलास तेव्हा पावती मिळाली असेलच. तू तर साबणाच्या वेष्टनापासून सगळं त्या बिस्किटांच्या डब्यात ठेवतेस. डबा उघड.

विसेसिओ


उवेआ, २ फेब्रुवारी २०१४

विसेसिओ,

काकांना मी काहीच सांगितलं नाही. ते रोज विचारतात, "काय म्हणाले तिकडचे?" मी म्हणते, "काका, ऐकून सगळे थक्क झाले." यात खोटं एक अक्षर नाही.

पावतीचं म्हणशील तर डबा गेल्या मोठ्या वादळात भिजला. छप्परच उडालं होतं, कागदाचा काय पाड. उंदीरही झाले होते. आता नाद सोड. तेलेसियाला मतं देणारे पुष्कळ आहेत, एका मताने काय अडणार?

ताई


नुमेआ, २३ फेब्रुवारी २०१४

ताई,

वादळात डबा भिजला हे ऐकून वाईट वाटलं. पण गेल्या नाताळात त्याच डब्यातून तू मला बाबांचा फोटो काढून पाठवलास. फोटो कोरडा होता.

असो, वय झालं की आठवणी मागेपुढे होतात. मी वेगळी वाट काढली आहे. कचेरीत आवक-वही असतेच. पाइनोची बायको तिथेच झाडू-पुसायला जाते, तिथल्या बाईंशी तिची ओळख आहे. अठ्ठ्याण्णवची वही काढून अर्जाची नोंद शोधायला सांगितलंय. नोंद मिळाली की ती नक्कल घेईल.

एका मताने काय अडणार म्हणतेस. अडत नाही गं. मला फक्त एकदा त्या पडद्यामागे जाऊन माझ्या पोरीच्या नावाचा कागद पाकिटात घालायचाय. जिंकू दे नाहीतर हरू दे. भट्टीवरची पोरं विचारतात, म्हातारबा, तुमचं मत कुणाला? आणि मी कुत्र्यासारखा हसून दाखवतो.

विसेसिओ


उवेआ, ९ मार्च २०१४

विसेसिओ,

पाइनोच्या बायकोला शोधायला लावू नकोस. नोंद मिळणार नाही. अर्ज कचेरीत गेलाच नाही. तो माझ्याकडे आहे, बिस्किटांच्या डब्यात, बाबांच्या फोटोखाली, कोरडा. या पत्राबरोबर पाठवतेय.

आता शिव्या द्यायच्या त्या दे, पण आधी वाच.

मी विधवा झाले तेव्हा वरच्या रानातला तारोचा तुकडा काकांनी मला शब्दावर दिला. आपल्याकडे जमिनीला कागद नाही, थोरल्याचा शब्द हाच कागद. त्या वर्षी ते पहिल्यांदा उभे राहिले, आणि घरातल्या सगळ्या बायकांना त्यांनी देवळात नेलं. मेरी मातेसमोर मी शपथ घेतली की जिवंत असेपर्यंत माझं मत काकांना. वर ते मतदानाच्या दिवशी उरलेले कागद बघायचे. तुला ठाऊक आहे, सगळ्या उमेदवारांचे कागद उचलायचे, एक पाकिटात घालायचा, बाकीचे पदराखाली घेऊन बाहेर यायचं. काका झाडाखाली बसलेले असायचे. "दाखव गं, काय उरलं." आपलं नाव उरलेल्यात नाही ना, एवढंच बघायचे.

मग तू तुझं मत माझ्याकडे पाठवायला लागलास. मला दोनदा पडद्यामागे जावं लागायचं. पहिल्यांदा शपथेचं पाकीट. दुसऱ्यांदा तुझं. आणि तुझ्या पाकिटाचे उरलेले कागद काकांनी कधी बघितलेच नाहीत. विसेसिओ आपलाच, त्याचं काय बघायचं!

सत्त्याण्णव साली आसेना उभी होती. सुईण आसेना, माझ्या दोन्ही पोरांच्या वेळची. एक जगलं नाही तेव्हा माझ्याजवळ तीन दिवस बसलेली. तिला वरच्या वस्तीत दवाखाना आणायचा होता. मी तुझं पाकीट घेऊन पडद्यामागे उभी राहिले आणि माझ्या लक्षात आलं की शपथ मी माझ्या मताची घेतली आहे. तुझ्या मताची कुणी घेतलेली नाही. मी तुझं मत आसेनाला टाकलं. ती पडली. पण विसेसिओ, मी बाहेर आले तेव्हा माझे पाय लटपटत होते, दारू प्यायल्यासारखे. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी स्वतः ठरवलं होतं.

पुढच्याच वर्षी तुझा अर्ज आला. नाव काढून टाक म्हणून. मी तो घेऊन माता-उतुपर्यंत गेले. कचेरीच्या पायरीवर बसले. आणि परत आले. मनाशी म्हटलं, आसेना पुन्हा उभी राहीपर्यंत ठेवू. तिकडची यादी कायमची गोठणार आहे, हे मला कुठे माहीत होतं? मला वाटलं, याद्या काय, दर वर्षी होतात.

आसेना २००२ साली निवडून आली. तुझ्या मताने, असं मी मनात म्हणते. आणि दुसऱ्या वर्षी मुलाकडे राहायला नुमेआला गेली. तुमच्याकडेच कुठेतरी असेल. दवाखाना अजून नाही. त्यानंतर कुणी मनाला पटलं नाही, तेव्हा गेल्या दोन्ही वेळा मी तुझ्या नावाने रिकामं पाकीट टाकलं. पण ते रिकामं टाकायचं मी ठरवलेलं होतं.

तुझं मत मी खाल्लं, विसेसिओ. काव्हाच्या दिवशी तुझ्या वाट्याची तंगडी खाल्ली तसंच. समितीला हा अर्ज दाखव, सांग की चूक माझ्या बहिणीची. मी इथे कुणासमोरही कबूल करीन, काकांसमोरसुद्धा. मग तारोच्या तुकड्याचं व्हायचं ते होवो.

सावेलिना


उवेआ, १५ जून २०१४

विसेसिओ,

तीन पत्रं पाठवली, उत्तर नाही. पाइनो सांगतो की तू समितीकडे गेलाच नाहीस. अर्ज दाखवला असतास तर निदान माझ्या मनाचं ओझं हललं असतं. तेही तू होऊ दिलं नाहीस.

निकाल रेडिओवर ऐकला. तेलेसियाच्या यादीला पाच जागा, सहावी नऊ मतांनी गेली. मी बोटं मोजत बसते. नऊ. तुझं एक धरलं तरी आठ कमीच होती. रोज मोजते आणि रोज आठच उरतात, तरी पुन्हा मोजते.

काका आता बिछान्यालाच आहेत. तुझ्या कागदाची नक्कल उशाशी ठेवलीये. सणाला तुझं नाव तिसरंच पुकारतात. तुझा वाटा मी आता घरी नेत नाही, देवळात देते.

ताई


नुमेआ, १२ फेब्रुवारी २०१७

सावेलिना ताई,

अडीच वर्षांहून जास्त झाली. तू पाठवलेल्या तेलाच्या बाटल्या मिळाल्या, सगळ्या. लावलं नाही. कपाटात ओळीने ठेवल्या होत्या, बघून राग ताजा राहावा म्हणून. आता लावतोय. जुनं झालेलं तेल जरा वास मारतं, पण गुडघा ऐकतो.

मी समितीकडे गेलो नाही, कारण बहिणीने चोरलं हे तीन अनोळखी माणसांसमोर वाचून दाखवायची मला लाज वाटली. माझी लाज वाचवली, तुझी नव्हे. मी इतका भला नाही.

आता मी का लिहितोय ते ऐक. हे वाचून झालं की जाळून टाक, डब्यात ठेवू नकोस.

गेल्या नाताळात, पाहुणे गेल्यावर, फालाकिका भांडी घासता घासता रडायला लागली. मला वाटलं, तिच्या आईची आठवण आली. तर म्हणाली, "तेलेसियाला मी मत दिलं नाही."

तुला ठाऊक आहे, इथेही आपल्या लोकांचं देऊळ आहे आणि देवळात एक थोरले आहेत. काका काय फक्त उवेआवरच होतात? दोन हजार तेराच्या नाताळात त्यांनी सगळ्या बायकांना उभं केलं आणि एकेकीचं नाव घेऊन शपथ घ्यायला लावली, आपलं मत देवळाने ठरवलेल्या आपल्या माणसाच्या यादीला, आणि तेलेसिया तर दुसऱ्याच यादीत. फालाकिकाचं नाव आलं. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागणार. कारण सांगायचं तर तेलेसियाचं नाव फुटणार. आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही ही सक्त ताकीद कुणाची? माझी. तिने शपथ घेतली. मे महिन्यात ती शपथ पाळली. बाहेर आल्यावर पोरीला मिठी मारली आणि म्हणाली, दिलं गं तुला. त्या वेळी मी आणि कुत्रा व्हरांड्यात बसलो होतो.

तेव्हा तुझी आठ मतं आता सात कर. किंवा मोजणंच सोड.

मी तिच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि तिच्या हातातलं भांडं घेऊन पुसायला लागलो. आमच्या घरातली दोन मतं, त्यातलं एक शपथेत अडकलेलं. कुणाला काही वचन न दिलेला माणूस घरात एकच होता, आणि त्याला मत नव्हतं. त्या रात्री मला तुझं पत्र आठवलं, पाय लटपटत होते म्हणून लिहिलेलं. तोवर मी ते दहा वेळा वाचलं होतं, पण तुझे पाय मला तेव्हा पहिल्यांदा दिसले.

तेलेसियाला यातलं काही ठाऊक नाही आणि होणारही नाही. झाकली मूठ आहे, झाकलेलीच राहू दे. ती पुढच्या वेळी पुन्हा उभी राहणार म्हणते. आणि हो, आसेना सापडली. आमच्याच मागच्या गल्लीत राहते, भाजीवाल्याशी भांडताना आवाजावरून ओळखली. मी विचारलं, दवाखान्याचं काय झालं? म्हणाली, "लोकांनी मला एकदाच निवडून दिलं ना!" तिलाही इथे मत नाही. मतदानाच्या दिवशी आमच्या व्हरांड्यात यायचं आमंत्रण दिलंय.

पुढच्या महिन्यात तुमची निवडणूक आहे. काकांचा जावई उभा आहेच, आणखी कोण कोण उभे आहेत ते मला माहीत नाही आणि विचारतही नाही. काकांच्या कागदाप्रमाणे मी गाव कधी सोडलेलंच नाही, तेव्हा नाव तिकडेच राहू दे. काल पोलिसांकडे जाऊन सही केली. कारकुनाने विचारलं, "मत कुणाच्या हाती?" मी म्हटलं, बहिणीच्या. कागद सोबत आहे.

दर वेळी मी खाली एक ओळ लिहायचो, कुणाला टाकायचं ती. या वेळी ती जागा कोरी आहे, नीट बघ. कुणी विचारलं तर सांग, विसेसिओने शपथ घेतलेली नाही.

रिकामं टाकायचं असेल तर रिकामं टाक. फक्त दुसऱ्यांदा आत जाशील तेव्हा घाई करू नकोस, ताई. पडद्यामागे हवा तेवढा वेळ उभी राहा.

तुझा विसेसिओ